फटीतून जाईल तेवढंच

१

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या त्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजलं आणि कोणाच्या घरी चूल थंड आहे, हे धुरपदाबाईला न विचारता कळायचं. कोणी तिला चोंबडी म्हटलं तरी ती रागवत नसे. "मी नाही पाहिलं तर कोण पाहणार?" असं उलट विचारी. चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण बाळंतिणीला शेकायचं असो, सासूसुनेचं भांडण सोडवायचं असो, की कोणाच्या मयतीला गोवऱ्या रचायच्या असोत, धुरपदाबाई पदर खोचून सगळ्यांच्या आधी हजर. तिचा नवरा निंबा गिरणीतून दमून यायचा आणि जेवताजेवता अख्ख्या गल्लीची खबर ऐकून घ्यायचा. ऐकली नाही तर दुसरी भाकरी ताटात पडत नसे.

शेजारच्या कौतिकच्या घरातला आवाज ऐकायला मात्र कान लावावा लागत नव्हता. तो सगळ्या गल्लीला यायचा. खर्र... खर्र... खर्र. लाकडावर रेगमालाचा खरखरीत कागद घासल्याचा.

कौतिक कामठे करायचा, तीर सोडायची धनुष्यं. त्याच्या बापानंही तेच केलं. डोंगराकडचे लोक बाजाराच्या दिवशी यायचे, हात पसरून उभे राहायचे, आणि बाप त्यांच्या छातीचा, दंडाचा अंदाज घेऊन कामठा बांधायचा. ज्याचा हात जसा, तसा त्याचा कामठा. दोन कामठे कधी सारखे नसत.

पुढे राज्य बदललं. बुऱ्हाणपूरचे कागद नागपूरला जायचे, ते भोपाळला जाऊ लागले. त्या धामधुमीत कोणी एक माणूस कौतिककडे आला. नव्या राज्यातली पोरं म्हणे एकाच प्रकारचे कामठे घेऊन खेळणार, आणि सगळे कामठे एकसारखे हवेत. अखंड बांबूचे नकोत, पट्ट्या चिकटवून केलेले हवेत. खाली बांबूची पट्टी, मधे धामणीच्या लाकडाची, वर पुन्हा बांबूची. सरस लावायचा, सुतळीनं आवळायचं, वाळवायचं. माणसानं जाताना एक माप दिलं. पंजाएवढी पितळी पाटी, आणि तिच्यात मधोमध एक उभी बारीक फट. पट्टी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत त्या फटीतून गेली पाहिजे. अडायला नको, हलायलाही नको.

"एका जागी केसाएवढी जाड राहिली ना काकी," कौतिक सांगायचा, "तर कामठा त्या अंगाला पिळतो. मग तीर कुठं जाईल, सांगता येत नाही."

तो घासायचा आणि त्याची बायको मंगला पट्टीचं दुसरं टोक धरून बसायची. मंगला दापोऱ्याची. धुरपदाबाईचं माहेरही दापोरा. म्हणून ती काकी न म्हणता मावशी म्हणायची. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. भिंतीपलीकडून ओरडायची, "मावशी, आज कशाला फोडणी दिली व? इकडं ठसका लागला!" आणि इकडून धुरपदाबाई म्हणायची, "ये ना मग वाटी घेऊन, ठसक्यानं पोट भरते का?"

२

चैत्र लागता लागता असिरगडाकडच्या जंगलात वणवा लागला आणि बांबूच्या गाड्या यायच्या बंद झाल्या.

हे धुरपदाबाईला पक्कं ठाऊक होतं, कारण कौतिककडं जाणारी प्रत्येक गाडी तिच्या ओट्याला घासून जायची. गाड्या आल्या नाहीत. धामणीचे ओंडकेही आले नाहीत. कौतिकच्या दारातली बांबूची चळत कमी होत होत संपली आणि तिथं एक कुत्री येऊन झोपू लागली.

आवाज मात्र चालूच होता. खर्र... खर्र... खर्र. सकाळी, दुपारी, दिवेलागणीपर्यंत.

दोन दिवस तिनं स्वतःची समजूत घातली. जुन्या पट्ट्या असतील, पुन्हा घासत असेल. तिसऱ्या दिवशी ती समजूत टिकली नाही. लाकूड संपलं, तर हा घासतो काय?

त्यात भुशाचं वेगळंच झालं. मंगला रोज घासलेला भुसा सुपात भरून गटारीच्या कडेला टाकायची. बांबूचा भुसा पिवळट, जरा खरखरीत. आता पडायचा तो पांढरट होता, तांदळाच्या पिठासारखा. शिवाय त्याला मुंग्या लागल्या होत्या. गटारीपासून कौतिकच्या उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची काळी रांग. लाकडाच्या भुशाला मुंग्या लागलेल्या धुरपदाबाईनं जन्मात पाहिल्या नव्हत्या.

इकडंतिकडं बघून तिनं चिमूटभर उचलला आणि नाकाशी नेला. बांबूचा वास नव्हता. सरसाचाही नव्हता. वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. घरी येऊन हात धुतले, भाकरी थापायला बसली आणि एकदम आठवलं. बैलाला नाल ठोकण्याआधी त्याचे खूर तासतात, त्या वेळी येतो तसा.

तिनं थापलेली भाकरी परत पिठात मोडली आणि पुन्हा हात धुतले.

३

अक्षय्य तृतीयेची आखाजी जवळ आली तशी सोजरबाई कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन गल्लीत आली आणि नेहमीप्रमाणे धुरपदाबाईच्या ओट्यावर पसरली.

"पाणी दे व धुरपदे. ऊन आहे का आग?"

"पाणी देते, पण मागच्या बांगड्या आठ दिवसांत फुटल्या, त्याचं काय?"

"नवऱ्याशी भांडताना हात कमी हलव. माझ्या बांगड्या चांगल्याच आहेत."

बायका हसल्या. एकेक पुढं सरकून हात देऊ लागली. धुरपदाबाईनं शेजारी हाक मारली. "मंगले! ये, हिरव्या आणल्यात."

मंगला बाहेर आली नाही. दार चारेक बोटं उघडलं आणि फटीतून हात बाहेर आला. "मावशी, इथंच भरा ना. पसारा पडलाय घरात."

नवी सून, लाजत असेल. सोजरबाई टोपली ओढत तिच्या दाराशी गेली. हात हातात घेतला आणि सवयीनं पंजा दाबून अंगठा आत दुमडू लागली. मग थांबली.

"दुसरा दे," ती म्हणाली.

दुसरा हात आला. सोजरबाईनं दोन्ही हात शेजारी धरले. बांगड्या भरून भरून तिची बोटं मापाची झालेली. डोळे मिटूनही ती हाताचा नंबर सांगायची.

"काय झालं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"बाईचा उजवा हात डाव्याहून जाड असतो, धुरपदे. भाकरी थापते, दळते, पाणी ओढते. साऱ्या बायांचा असतो." सोजरबाईचा आवाज उतरला. "हिचे दोन्ही सारखे. तोळामासाही फरक नाही."

"बरं आहे की! एकाच मापाच्या भर."

सोजरबाईनं पंजा न दाबता एकेक बांगडी घातली. एकही कुठं अडली नाही. पंजावरून मनगटावर आली, आणि मनगटावर थांबायची ती थांबलीही नाही. दाराआड मंगलानं हात जरा वर केला असावा; सगळ्या बांगड्या खळकन कोपरावरून दंडाकडं गेल्या, काठीवरून कडी घसरावी तशा. मनगट, कोपर, दंड, सगळं एक.

मग धुरपदाबाईची नजर बोटांवर गेली. करंगळी आणि अंगठा. तिनं आपल्या हाताकडं पाहिलं, परत त्या हाताकडं पाहिलं. पाचही बोटं एका जाडीची होती. बोटांना पेरं नव्हती.

"छान बसल्या," आतून मंगला म्हणाली. हात आत गेला, दार लागलं.

सोजरबाईनं टोपली डोक्यावर घेतली. बाकीच्या बायांचे हात तसेच पुढं राहिले. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

४

"वाळली असेल," निंबा म्हणाला. "दिवस गेले असतील. पोटात अन्न ठरत नसेल."

"वाळलं म्हणून काय करंगळी अंगठ्याएवढी होते?"

"दाराच्या फटीतून पाहिलं तू. त्यात ऊन. आणि भिंतीला कान लावून लावून तुझं डोकं..." तो पुढचं बोलला नाही, कारण धुरपदाबाई रडत होती. निंबानं तिला असं रडताना फार वेळा पाहिलं नव्हतं. तो उठला आणि स्वतःच पाणी घेऊन आला.

रात्रभर तिनं हिशोब मांडला. पोर वाळली, हे खरं. कौतिक तिला खायला देत नसेल. दिवसभर घासायला बसवत असेल. हात झिजले असतील, घट्टे पडून सपाट झाले असतील. धोब्याची बोटं नाही का पांढरी पडत? या विचारानं तिला जरा बरं वाटलं, कारण यात कोणाला तरी शिव्या घालता येत होत्या.

सकाळी केळीची गाडी घेऊन दापोऱ्याचा माणूस आला, त्याच्याकडं तिनं मंगलाच्या आईला निरोप धाडला. आखाजीला लेकीला न्यायला मुऱ्हाळी पाठव, उशीर करू नको.

निरोप गेला आणि तिला जरा धीर आला. मग पदर खोचून ती कौतिकला गाठायला निघाली. तो गल्लीच्या तोंडाशीच भेटला. राजघाटावरून आंघोळ करून येत होता. खांद्यावर ओलं धोतर, हातात तांब्या.

"काय रे मेल्या, काय चालवलंस? लोकाची लेक आणून तिला वाळवू राहिला? लाकूड नाही, बांबू नाही, दिवसभर काय घासू राहिला? मी गप बसणारी बाई नाही, सांगून ठेवते! तिचे हात पाहिलेस का तू, हात..."

कौतिक खाली मान घालून उभा होता. धुरपदाबाईचा श्वास संपला म्हणून ती थांबली, आणि त्या थांबण्यात तिला ऐकू आलं.

खर्र... खर्र... खर्र.

तिनं कौतिकच्या हाताकडं पाहिलं. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातानं धोतर धरलेलं.

"काकी, मी रेगमाल तापीत टाकून आलो," तो म्हणाला. "होता नव्हता तेवढा. आताच."

"मग हा...?"

"ऐका ना. तुम्हीच ऐका." त्यानं घराकडं मान केली. "मी घरात झोपत नाही आता. ओट्यावर पडतो. मी तिला हात लावला नाही, तापीमायची शपथ. लाकूड संपलं त्या दिवशी ती म्हणाली, माप रिकामं बसलंय. मी हसलो." तो रडायला लागला. "तिला न्या कोणीतरी. माहेरी न्या. इथं राहिली तर सरेल ती."

५

मुऱ्हाळी दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. मंगलाचा भाऊ चुडामण. दमणीचे बैल धुऊनपुसून चमकवलेले, गळ्यात घुंगरमाळा, मागं केळीचा घड. गल्लीत शिरताच त्यानं हाक दिली.

"मावशी, तुझा निरोप पोचला अन् मी जेवता जेवता उठलो! माय म्हणे, जेवून तर जा. म्हटलं, मावशीनं उशीर करू नको म्हटलंय."

"बस रे बाबा. घोटभर पाणी पी."

"पाणी वाटेत पिऊ. घरी दोघी लहान्या बहिणींनी झोका बांधून घेतलाय, अन् त्याला कोणाला हात लावू देत नाहीत. ताई आधी बसणार म्हणे, मग आम्ही. मायनं सांजोऱ्या केल्यात." त्यानं दाराकडं पाहून आवाज चढवला. "ताई! निघायचं का आखाजी इथंच करतेस?"

आतून आवाज येतच होता. खर्र... खर्र.

कौतिक ओट्याच्या कडेला भिंतीकडं तोंड करून बसला होता. मेव्हणा आला तरी उठला नाही. चुडामणनं त्याच्याकडं पाहिलं, धुरपदाबाईकडं पाहिलं, आणि भांडण झालेलं दिसतंय अशी समजूत करून बैलांकडं वळला.

"मी आणते तिला," धुरपदाबाई म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

पहिल्या खोलीत भिंतीला कामठे टांगले होते. सगळे एकसारखे. इतके सारखे, की एकावरून नजर काढून दुसऱ्यावर नेली तरी नजर हलली नाही असं वाटावं. जमिनीवर पांढरी पूड होती, पावलं उमटावीत एवढी. मधल्या खोलीत चूल थंड. सरसाच्या भांड्यावर जाळं धरलेलं. मागच्या खोलीच्या छतात एक कौल काचेचं होतं, तिथून उजेडाचा पट्टा खाली पडला होता. आवाज तिथून येत होता.

"मंगले? चुडामण आला व. चल माय, आवर."

मंगला पाठमोरी बसली होती. तिच्यासमोर दोन ठोकळ्यांमधे ती पितळी पाटी उभी आवळली होती. रेगमाल कुठंच नव्हता. ती नुसती आपला हात फटीत घालून पलीकडं सारत होती, मागं घेत होती, पुन्हा सारत होती. खर्र. फटीच्या अलीकडं बांगड्या गोळा झाल्या होत्या. फटीच्या पलीकडं जे निघत होतं, त्याला धुरपदाबाईनं काही नाव दिलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. ते गुळगुळीत होतं, आणि उजेडाच्या पट्ट्यात त्याची सावली पडत होती ती एका रेघेएवढी.

"मावशी?" मंगला वळली नाही. आवाज तोच, वाटी घेऊन येते म्हणणारा. "आधी नुसतं बोट घालून पाहिलं व. करंगळी गेली. मग बाकीच्यांना वाईट वाटलं."

धुरपदाबाईनं दाराची चौकट धरली.

"बरं झालं आलीस. सगळं गेलं बघ. डोकं तेवढं अडू राहिलं." ती हसली. "जरा पलीकडून धरतेस का?"

कोणी हाक मारली आणि धुरपदाबाई धावली नाही असं जन्मात झालं नव्हतं. तिचा जीव ओरडत होता, पण पाय एक पाऊल पुढं पडला. हात उचलला गेला. तो आपलाच हात पुढं जाताना तिला दिसला, आणि ती किंचाळली. तो किंचाळण्याचा आवाजच तिला वळवून बाहेर घेऊन आला.

६

बाहेर येताच तिनं दार ओढलं, कडी चढवली आणि कडीवर मूठ आवळून उभी राहिली.

"काय झालं मावशी?" चुडामण धावत आला. "ओरडलीस का?"

दापोऱ्यातल्या त्या दोन लहान्या मुली तिच्या डोळ्यांपुढं आल्या. झोक्याची दोरी धरून, कोणाला बसू न देता उभ्या. आतलं ते त्यांच्यात जाऊन बसणार, आणि म्हणणार, जरा पलीकडून धरतेस का?

"उंदीर," धुरपदाबाई म्हणाली. "अंगावरून गेला. आणि हे बघ बाबा, यंदा ताईला राहू दे. तिला नेता यायचं नाही."

"का?"

"विटाळशी बसलीय ती. आजच."

चुडामण लाल झाला. बाप्या माणसानं यावर पुढं विचारायचं काय? त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. मुऱ्हाळी जाऊन रिकामी दमणी परत आणली तर गावात काय म्हणतील, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण या गोष्टीला इलाज नव्हता.

"मग... पाचव्या दिवशी येऊ का?"

"मी निरोप धाडते. तोवर येऊ नको. दुसऱ्या कोणाला पाठवूही नको."

तो नाराजीनं बैलांकडं गेला. घड उतरवून ओट्यावर ठेवला. जू सारखं केलं. धुरपदाबाईनं डोळे मिटले. जमलं, तिला वाटलं. जमलं, माय, एवढं एक खोटं पदरात घे.

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की आतला आवाज थांबलाय.

कौतिकलाही कळलं असावं. भिंतीकडं तोंड करून बसलेला तो माणूस हळूच दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेऊ लागला.

धुरपदाबाईनं दाराला पाठ लावली. जुनं सागवानी दार. दोन फळ्यांमधे चीर होती, पण तिच्यातून उजेड यायचा तेवढाच. तिच्या पाठीला, चोळीच्या कापडातून, काहीतरी गार लागलं आणि वरून खाली सरकत गेलं, कागद सरकावा तसं. तिनं कडी आणखी घट्ट धरली.

"अरे! आली की!" चुडामण म्हणाला.

तिनं डोळे उघडले. मंगला दमणीजवळ उभी होती. धुरपदाबाईच्या समोर, अगदी समोरासमोर. नवं हिरवं लुगडं, पदर कपाळावरून खाली ओढलेला. धुरपदाबाईची मूठ कडीवर होती. कडी हलली नव्हती.

"मावशी खोटं बोलली तुला," मंगला म्हणाली. "माझ्यावर माया आहे ना तिची. मला सोडवत नाही तिला."

"असं होय!" चुडामण मोठ्यानं हसला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. "मावशी, तू पण ना! आठ दिवसांत आणून सोडतो तुझी लेक. चल, बैस ताई. हात दे."

"चुडामण, थांब," धुरपदाबाई म्हणाली. "थांब रे. तिच्याकडं बघ. एकदा नीट बघ तिच्याकडं!"

त्यानं बघितलं. समोरून बघितलं, आणि त्याला बहीणच दिसली. तिला चढवताना तो म्हणाला, "किती हलकी झालीस व! मायला सांगतो, खाऊ घाल म्हणून." दमणी जराही कलली नाही.

बैल निघाले. धुरपदाबाई चार पावलं मागं धावली, आणि मग पाय तिथंच थांबले. दमणीच्या मागच्या बाजूनं, तिच्याकडं तोंड करून मंगला बसली होती. तिनं हात हलवला. गल्लीतल्या बाया दारांतून म्हणाल्या, ये ग लवकर, आईला विचारलं म्हणून सांग.

पुढं गल्ली संपते तिथं वळण आहे. दमणी वळली, आडवी झाली, आणि एका अंगानं पुरती दिसू लागली. बैल दिसले, चाकं दिसली, चुडामणचं मागं वळून कोणाशी तरी बोलणारं हसरं तोंड दिसलं. दमणीत कोणी नव्हतं.